समीक्षेचे सोवळे आणि माधवरावांवरील प्रेम

१

कलाकृतीतील नायकाच्या प्रेमात पडणे हा वाचनाचा एक सर्वपरिचित अनुभव आहे, आणि मराठी समीक्षेने त्याला आजवर आपल्या उंबरठ्याच्या आत येऊ दिलेले नाही. हा अनुभव आलाच तर तो 'स्वप्नरंजन', 'भाबडे तादात्म्य', 'अपरिपक्व अभिरुची' अशा शब्दांत निकालात काढला जातो. पदव्युत्तर वर्गात येणारी विद्यार्थिनी पहिल्या सत्रातच हे शिकते की, ज्या पुस्तकामुळे आपण साहित्याकडे वळलो त्याचे नाव येथे घेऊ नये. घेतलेच तर किंचित हसून घ्यावे. दुसऱ्या सत्रापर्यंत तिला ते हसू सहज जमू लागते, आणि आपण तिला अभिरुचिसंपन्न झाली असे म्हणतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, या शिस्तीने वाचक शहाणा होत नाही. उलट, ज्या कलाकृतींनी आपल्या समाजाच्या भावजीवनाला प्रत्यक्ष आकार दिला त्यांची खरी चिकित्सा करण्याचे सामर्थ्यच समीक्षा गमावून बसते.

उदाहरण म्हणून 'स्वामी' घेऊ. रणजित देसाई यांची ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली. १९६४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८७ साली ती दूरदर्शनच्या मालिकेच्या रूपाने घराघरांत पोचली. रवींद्र मंकणी यांनी माधवराव आणि मृणाल देव यांनी रमाबाई साकारल्या. कादंबरी वाचून आणि मालिका पाहून मराठी स्त्रियांच्या किमान दोन पिढ्या थोरल्या माधवरावांच्या प्रेमात पडल्या. ही गोष्ट कोणी नाकारत नाही. प्रश्न तिचे काय करावयाचे हा आहे.

२

आतापर्यंत तिचे तीन प्रकारे काही ना काही केले गेले आहे.

पहिला प्रकार इतिहासाच्या पहारेकऱ्यांचा. रमा-माधवांच्या खासगी जीवनाविषयी कागदपत्रांत फारसे काही नाही, तेव्हा कादंबरीतील प्रणय लेखकाच्या पदरचा आहे, असे ते सांगतात. हे खरे आहे आणि या प्रश्नापुरते निरुपयोगी आहे. मोडी कागदांत पुरावा नाही म्हणून वाचकाचे प्रेम खोटे ठरत नाही. ते कागदांवर नव्हे, एका कथनात्म रचनेवर जडलेले असते, आणि त्या रचनेविषयी हे पहारेकरी काहीच बोलत नाहीत.

दुसरा प्रकार कलावाद्यांचा. मर्ढेकरांपासून चालत आलेल्या अलौकिकतावादी विचाराने कलानुभव हा लौकिक भावनांपासून वेगळा काढला. इंग्रजीत विम्झॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४९ साली वाचकावर होणाऱ्या भावनिक परिणामाला साहित्यकृतीच्या मूल्यमापनातील हेत्वाभास ठरविले, तेव्हा आपल्याकडच्या विद्यापीठीय समीक्षेला आयताच आधार मिळाला. संस्कृत साहित्यशास्त्राचा दाखलाही हाताशी होताच: स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणे हे अभिनवगुप्ताच्या मते रसविघ्न. माधवरावांवर जीव जडविणारी वाचक अशा रीतीने दोन्ही परंपरांकडून एकाच वेळी अपात्र ठरली.

तिसरा प्रकार अलीकडचा, संस्कृति-अभ्यासाचा. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ साली अमेरिकेतील प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुस्तक हाती घेऊन बसणे हीच त्या स्त्रियांनी संसाराच्या रगाड्यात स्वतःसाठी राखलेली जागा असते, असे दाखविले. रॅडवे स्वतः तेथे थांबल्या नाहीत. त्या कादंबऱ्यांत काय लिहिलेले असते याचीही त्यांनी कठोर तपासणी केली. आपल्याकडील अनुयायी मात्र पहिल्या अर्ध्यावरच संतुष्ट आहेत. वाचक स्त्रीला आनंद झाला ना, मग ती सक्षम झाली, असा हा हिशेब. पहिल्या दोघांनी या प्रेमाचा तिरस्कार केला. तिसऱ्याने त्याचे कौतुक केले. तिघांपैकी कोणीही ते प्रेम काय पाहते, काय निवडते आणि काय पाहत नाही, हे विचारलेले नाही.

३

हा सोवळेपणा सर्वांना सारखा लागू होतो, असे असते तर निदान त्याच्या तत्त्वनिष्ठेचा आदर करता आला असता. तसे नाही. 'स्वामी'नंतर वर्षभराने, १९६३ साली, भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली आणि मराठी तरुणांची एक पिढी पांडुरंग सांगवीकराच्या प्रेमात पडली. वसतिगृहांतून मुले त्याच्यासारखी बोलू लागली, वाक्यावाक्याला 'उदाहरणार्थ' पेरू लागली, त्याच्यासारखे निरर्थकतेचे ओझे वागवू लागली. नायकाशी इतके उघड आणि इतके शारीर तादात्म्य मराठीत क्वचितच घडले असेल. त्याला समीक्षेने कोणते नाव दिले? अस्तित्वभान, युगसंवेदना, पिढीचा आत्मशोध. त्यावर प्रबंध लिहिले गेले, आणि ते लिहिणारे पुष्कळदा स्वतःच त्या नायकाच्या प्रेमात होते.

'कोसला' आणि 'स्वामी' यांच्या वाङ्मयीन गुणवत्तेची येथे तुलना करावयाची नाही. 'कोसला' श्रेष्ठ आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुद्दा वाचकाच्या क्रियेचा आहे. ती क्रिया एकच आहे: कल्पित व्यक्तीला आपल्या आयुष्यात जागा देणे, तिच्या डोळ्यांनी घर, आईबाप, जगणे आणि मरणे पाहणे. तरुणाने हे केले की तो अनुभवाला भिडला, आणि तरुणीने केले की ती वाहवत गेली. हा भेद सौंदर्यशास्त्रातून निघालेला नाही. तो घरातून आला आहे आणि समीक्षेच्या परिभाषेत वेष पालटून बसला आहे.

या बाबतीत आपल्यापाशी एक देशी साधन होते, आणि तेही आपण वापरले नाही. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषणात 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण स्वतःचे भान सोडत नाही; स्वतःच्या भूमिकेत राहून तो दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरी स्थितीतच वाङ्मयानंद आहे, असे ते सुचवितात. पुढे या उपपत्तीवर पुष्कळ आक्षेप घेतले गेले, आणि सर्व वाङ्मयाचा खुलासा तिने होत नाही हे उघडच आहे. तथापि तिच्यातील 'सविकल्प' हे विशेषण मोलाचे आहे. तादात्म्य म्हणजे शुद्ध हरपणे नव्हे. तादात्म्यातही विकल्प, म्हणजे निवड आणि निर्णय, शिल्लक असतो. प्रेमात पडलेली वाचक निर्णय घेत असते. तिने कोणाला निवडले आणि कशासाठी, हे पाहिले की समीक्षेचे काम सुरू होते.

४

मग माधवरावांमध्ये निवडण्यासारखे काय होते?

पराक्रम हे उत्तर पुरत नाही. पानिपतानंतर, १९६१ च्या नव्हे तर १७६१ च्या त्या खचलेल्या काळात, सोळाव्या वर्षी पेशवाईवर आलेला आणि १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव करणारा हा पुरुष पराक्रमी होता खरा; पण पराक्रमी पुरुषांचा मराठी ऐतिहासिक कादंबरीत हरिभाऊ आपट्यांपासून तोटा नाही, आणि त्या सर्वांवर कोणी असे प्रेम केले नाही. माधवरावांची निवड झाली ती तीन गोष्टींसाठी.

पहिली, हा पुरुष ऐकून घेतो. धर्मकृत्यांत रमलेल्या पेशव्याला रामशास्त्री प्रभुण्यांनी राज्यकर्त्याच्या कर्तव्याची आठवण करून दिली आणि पेशव्याने ती मानली, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. सत्ता हाती असताना आपली चूक ऐकून घेणारा पुरुष हा ज्या घरांत दुर्मिळ होता, त्या घरांतील वाचकांनी त्याला ओळखले.

दुसरी, हा पुरुष आजारी आहे. क्षयाने पोखरलेले त्याचे शरीर शुश्रूषा मागते. शुश्रूषा ही मराठी गृहिणीच्या आयुष्यातील सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी उल्लेखिलेली कामगिरी; कादंबरीने तिला प्रणयाचा दर्जा दिला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडे आश्चर्यकारक दुर्लक्ष झाले आहे. 'स्वामी' ही राज्याची कादंबरी आहे तितकीच एकत्र कुटुंबाची कादंबरी आहे. शनिवारवाडा हे दिल्लीशी पत्रव्यवहार करणारे सत्ताकेंद्र असेल. वाचक स्त्रीच्या दृष्टीने ते सासू, चुलतसासरे, जावा, कारभारी आणि नोकरचाकर यांनी गजबजलेले सासर आहे. चुलत्याशी हिस्स्याचे भांडण, आईचा अभिमान, घराचे कर्ज, कर्त्या मुलावर पडलेला भार, हे सारे १९६२ च्या वाड्यांत आणि चाळींत राहणाऱ्या मध्यमवर्गीय स्त्रीला कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकावाचून समजत होते. रघुनाथरावांशी आळेगाव ते धोडप असा चाललेला संघर्ष तिने भाऊबंदकी म्हणूनच वाचला, आणि तिचे वाचन चुकीचे नव्हते. त्या गर्दीत नवराबायकोला दोन शब्द बोलावयास एकांत नाही, हा या प्रणयाचा गाभा आहे. माधवराव आणि रमाबाई यांचे सहजीवन मोहिमांच्या आणि घरच्या कलहांच्या फटींतून होते. तो एकांत त्यांना कादंबरीच्या अखेरीस, वाड्याबाहेर, थेऊरला लाभतो. कारभारी, वैद्य आणि आप्त तेथेही आहेत; पण रुग्णाची खोली ही एकच खोली अशी आहे की जेथे पत्नीच्या बसण्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाने हे वाचताना जे अश्रू ढाळले, त्यांत राष्ट्रीय शोकाचा भाग थोडा आणि स्वतःच्या संसाराविषयीचे ज्ञान पुष्कळ होते.

ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासग्रंथात माधवरावांच्या अकाली मृत्यूने झालेली हानी पानिपताहून कमी लेखलेली नाही. कादंबरीने ती हानी घरात आणून ठेवली. हे तिचे यश आहे, आणि ते वाचकाच्या प्रेमातूनच कळते.

५

येथवर या प्रेमाची बाजू मांडली. परंतु त्याला निर्णय म्हणावयाचे तर तो तपासावाही लागेल. प्रेम झाकून ठेवणारी समीक्षा जेथे पोचू शकत नाही, ते ठिकाण आता पुढे येते.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवरावांचे निधन झाले. ते सत्तावीस वर्षांचे होते. रमाबाई सती गेल्या. ही इतिहासाची वस्तुस्थिती आहे आणि ती बदलण्याचे लेखकावर बंधन नाही. पण कादंबरीत वस्तुस्थिती कधी नुसती वस्तुस्थिती राहत नाही. रचना तिला अर्थ देते. आपण वर पाहिले की, या रचनेत एकांत मिळतो तो मृत्यूच्या सान्निध्यातच. दांपत्यप्रेमाची पूर्ती आणि आयुष्याचा अंत यांची अशी गाठ एकदा घातली की, चिता हा त्या प्रणयाचा शेवटचा आणि सर्वांत निवांत एकांत होऊन बसतो. वाचक तेथे प्रश्न घेऊन जात नाही, भरल्या डोळ्यांनी जाते. रमाबाई मागे राहिल्या तर त्यांना पुन्हा त्याच वाड्यात जावे लागेल, आणि या वेळी केशवपन करून, अळवण नेसून. हे तिला ठाऊक आहे. त्या जगण्यापेक्षा ही ज्वाळा बरी, असे तिच्याकडून नकळत वदवून घेतले जाते.

स्त्रीवादी समीक्षेने येथे पतिव्रताधर्माच्या उदात्तीकरणाचा आरोप केला तर तो बरोबर आहे. पण तो अपुरा आहे. आपल्या मुलीला शिकविणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, हुंड्याला विरोध करणाऱ्या स्त्रीलाही थेऊरच्या प्रकरणाशी का रडू येते, याचे उत्तर त्यात नाही. ते उत्तर विचारसरणीपेक्षा रचनेत आहे: दोनच पर्याय दाखविले गेले आणि तिसरा लपविला गेला.

आणि तो तिसरा पर्याय याच घराण्यात, याच कथेत, डोळ्यांसमोर उभा आहे. १७६१ मध्ये नानासाहेब गेले. गोपिकाबाई सती गेल्या नाहीत. त्या कितीतरी वर्षे जगल्या, भांडल्या, मुलाशी दुरावा पत्करून नाशिककडे जाऊन राहिल्या. त्याच वर्षी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पार्वतीबाईंनी ते मरण मानलेच नाही. त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही आणि सहगमनही केले नाही. पुढे १७७६ मध्ये भाऊसाहेबांच्या तोतयाचे प्रकरण गाजले, तेव्हाही त्या हयात होत्या. म्हणजे रमाबाई ज्या वाड्यात वावरत होत्या तेथेच एक स्त्री विधवा होऊन सत्ता गाजवीत होती आणि दुसरी स्त्री वैधव्याचा विधीच नाकारून जगत होती. चिता अटळ नव्हती. कादंबरीची रचना ती अटळ भासवते, कारण सासू म्हणून गोपिकाबाई आपल्याला अप्रिय केल्या जातात आणि पार्वतीबाई करुणेच्या कोपऱ्यात ठेवल्या जातात. नायकावरील प्रेम आपल्याला इतर स्त्रियांविषयी आंधळे करते. हे आंधळेपण लेखनाने घडविलेले आहे आणि ते दाखवून देता येते.

शीर्षकही या रचनेत सामील आहे. पेशव्याला लोक 'श्रीमंत' म्हणत. 'स्वामी' हा शब्द सेवकाच्या तोंडचा आहे आणि पत्नीच्याही. धनी आणि पती यांचा एकच शब्द शीर्षकस्थानी ठेवून कादंबरी वाचकाला कोठून पाहावयाचे ते पहिल्या पानाआधीच सांगते: खालून.

६

हे सारे ग्रंथालयातले वाद नाहीत, याची आठवण १९८७ या वर्षाने करून द्यावी. ज्या वर्षी दूरदर्शनवर 'स्वामी' आली, त्याच वर्षी, ४ सप्टेंबरला, राजस्थानातील देवराला गावी अठरा वर्षांची रूप कंवर नवऱ्याच्या चितेवर जळाली. त्यानंतर त्याच वर्षी सती प्रतिबंधाचा कायदा झाला आणि सतीच्या उदात्तीकरणालाही त्याने गुन्हा ठरविले. मालिका आणि देवराला यांत कोणताही कार्यकारणसंबंध नाही. तसे सुचविणे अन्यायाचे आणि मूर्खपणाचे होईल. परंतु एका समाजात एकाच वर्षी एक चिता निषेधाचा विषय होते आणि दुसरी चिता गहिवराचा, ही गोष्ट समीक्षेने लक्षात घ्यावयास नको काय? वाचकाच्या मनात या दोन चिता वेगळ्या खोल्यांत कशा ठेवल्या गेल्या, हा वाङ्मयीन प्रश्न आहे. तो विचारण्याची पात्रता कोणाला? ज्याने 'स्वामी'ला कधी मनावर घेतलेच नाही, त्या समीक्षकाला तर नाहीच. त्याच्या लेखी ती लोकप्रिय कादंबरी, आणि लोकप्रिय कादंबरीचा शेवट सवंग असावयाचाच. हा प्रश्न तिलाच विचारता येतो जिने माधवरावांवर प्रेम केले आणि जिला थेऊरला पोचल्यावर कळले की, आपल्या प्रेमाने आपल्याला कोठे आणून उभे केले आहे.

अशी समीक्षा अगदीच घडली नाही असेही नाही. ती विद्यापीठांबाहेर घडली. १९८७ च्या मालिकेत रमाबाई झालेल्या मृणाल कुलकर्णी यांनी २०१४ साली त्याच विषयावर चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात त्या गोपिकाबाईंच्या भूमिकेत होत्या. पूर्वीचे माधवराव रवींद्र मंकणी नानासाहेब झाले होते. चित्रपटाचे नाव 'रमा माधव'. 'स्वामी' या एकट्या शब्दाच्या जागी दोन नावे आली, आणि स्त्रीचे आधी आले. ज्या भूमिकेने तिला ओळख दिली त्या भूमिकेकडे परत येऊन, सून होती ती सासू होऊन, एका कलावतीने शीर्षकाचा दृष्टिकोन बदलला. थेऊरचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. पण आपल्या समीक्षेने त्या कथेचे जेवढे केले त्याहून हे अधिक आहे, आणि ते प्रेमाच्या आतून केलेले आहे.

७

तेव्हा मागणी साधी आहे. नायकाच्या प्रेमात पडणे हा वाचनाचा दोष मानणे आपण सोडून द्यावे आणि त्याचा गौरव करणेही सोडून द्यावे. तो वाचनाचा एक निर्णय आहे. निर्णयाला कारणे असतात, ती मांडता येतात आणि खोडताही येतात. विद्यार्थिनी 'मला माधवराव फार आवडले' असे म्हणते, तेव्हा तिला गप्प करणारा अध्यापक तिचा भाबडेपणा घालवीत नाही. तो फक्त भूमिगत करतो. ती पुढे अस्तित्ववादावर आणि संरचनावादावर उत्तम टिपणे काढते, आणि थेऊरच्या प्रकरणाशी तिला पूर्वीसारखेच रडू येत राहते. या दोहोंची तिच्या मनात कधी गाठच पडत नाही. तिला जर विचारले असते, काय आवडले, कोणत्या पानावर आवडले, आणि तो आवडत असताना पार्वतीबाई कोठे होत्या, तर तिच्या हातून जे लिहिले गेले असते ते आज मराठी समीक्षेत नाही.

सोवळे हे अस्पर्शासाठी असते. समीक्षेला स्पर्शाचे भय वाटू लागले की तिच्यापाशी पवित्र परिभाषा उरते आणि साहित्य दुसरीकडे, घराघरांत, तिच्याशिवाय वाचले जाते.